ग्लॅडिओलसची पाटी

मित्रांनो, पत्र्याची जुनी पाटी आहे मी. चंदीगडच्या एका बागेत, अवजारांच्या छपरात, खिळ्याला लटकते. माझं अंग नव्यासारखं चकचकीत आहे आणि त्याचीच मला लाज वाटते.

वसुधाबाईंनी मला तुपाच्या डब्यातून कापलं. मूळच्या साताऱ्याच्या बाई इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी माझ्यावर लिहिलं, ‘लॅटिनमध्ये ग्लॅडियस म्हणजे तलवार. ग्लॅडिओलस म्हणजे लहानशी तलवार. अनेक असतील तर ग्लॅडिओलाय.’ या फुलझाडाची पानं तलवारीसारखी, म्हणून हे नाव. बाईंची लेक कादंबरी म्हणाली, “आई, इतना कौन पढ़ेगा?” पण शाळेची मुलं मला मोठ्यानं वाचायची आणि वाळलेल्या पानांनी लढाई खेळायची. फार सुखाचे दिवस होते ते.

वाफ्यातली फिकट पिवळी जात बाईंनी आठ वर्षं खपून तयार केली होती. तिचे कंद जगात तेवढेच, एक गोणीभर. दर एप्रिलात ते खणून गोणीत भरायचे, गोणीला मला बांधायचं आणि डेराबस्सीजवळच्या शीतगृहात पाठवायचं. बिननावाची गोणी तिथे घेत नसत.

निवृत्त होऊन गावी जाताना बाईंनी ती गोणी नरेश माळ्याच्या हवाली केली. नरेश भला माणूस. माझी अक्षरं पुसट झालेली पाहून त्यानं मला गोणीवरून सोडलं, मन लावून रंगवलं आणि उन्हात वाळत ठेवलं. तो जेवायला गेला आणि शीतगृहाचा ट्रक आला. हमालांनी बागेतल्या नाव असलेल्या बाकीच्या गोण्या उचलल्या, आमची छपराच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांमागे सारली. मी समोर होते, पण मला कुठे तोंड होतं? नरेशला वाटलं, हमालांनी दुसरी चिठ्ठी लावून नेली असेल. त्यानं मला आत टांगलं आणि कुलूप घातलं. मे गेला, जून गेला. छपराचा पत्रा तापत राहिला आणि कंद माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेले.

ऑक्टोबरात बाई लावणीसाठी मुद्दाम आल्या. शीतगृहातून गोणी आलीच नाही, ती पोत्यांमागे सापडली. गोणीत हात घातला तर हाताला भुकटी लागली.

“मैडम जी, मैंने तो सिर्फ नाम चमकाया था,” नरेश रडत म्हणाला.

बाईंनी मला हातात घेतलं. “अक्षर अच्छे निकाले हैं, नरेश,” एवढंच त्या म्हणाल्या. मग रिकाम्या वाफ्याशी बराच वेळ बसून राहिल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

एक असेल तर काय म्हणायचं, अनेक असतील तर काय, हे माझ्यावर ठळक लिहिलं आहे. एकही उरलं नाही तर काय म्हणायचं, ते कुणी लिहिलेलं नाही.

मित्रांनो, कुणाचं नाव उजळायला घ्याल, तेव्हा ज्याचं ते नाव, त्याला आधी सावलीत ठेवा. आणि माझ्यावर दया म्हणून मला दुसऱ्या गोणीला बांधू नका.