ओटिस परत येतो

सुनावणीत बोलायला तीन मिनिटं! तेवढ्यात माणूस काय बोलणार कपाळ? पण वर्ना टिलमनने महिनाभर तयारी केली होती, आरशासमोर, भांडी घासताना, आणि ओटिससमोर तर रोजच.

ओटिस म्हणजे तिचा तेगू. घोरपडीएवढा थोराड, काळापांढरा सरडा. नवऱ्याने पिल्लू असताना आणला होता. नवरा गेला, ओटिस राहिला. आता फ्लोरिडाचा वन्यजीव आयोग म्हणत होता, तेगू पाळायचाच नाही. म्हणे हे निसटतात, रानात माजतात आणि पक्ष्यांची अंडी फस्त करतात.

"मावशी, आकडे-बिकडे मी बघतो," सरडे-साप पाळणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष डेल म्हणाला होता. "तुम्ही फक्त मनातलं बोला. माणसं विरघळली पाहिजेत."

मग सुनावणीत वर्ना मनातलं बोलली. "वादळात कुंपण पडलं आणि ओटिस गेला. माझ्या घशाखाली घास उतरेना. नवव्या दिवशी मागच्या दारावर खरखर. बघते तर चिखलाने माखलेला हा! या मुक्या जिवाला घर कळत नाही म्हणता? अहो, माझा पोटचा मुलगा नाताळलासुद्धा येत नाही!"

मागे बसलेले संघटनेचे हिरव्या टीशर्टवाले हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. डेल तेवढा तोंड झाकून बसला होता. याला काय झालं आता, वर्नाला कळेना.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे बाई, नऊ दिवस तो मोकळा होता?"

"हो ना! आणि आला की परत!"

"नोंदवून घ्या," अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात डेलने डोक्याला हात लावला. "मावशी, बंदी येणारच होती हो. पण घरात आहेत त्या जनावरांना सूट मिळवली होती मी. अट एकच, ते कधी निसटलेलं नसावं."

"अरे, पण परत आला ना तो!"

"ते कोण विचारतंय?"

"मग मेल्या, आधी का नाही बोललास?"

"वादळाचं मला कधी सांगितलंत तुम्ही?"

खरंच, नव्हतं सांगितलं. पण तोच तर म्हणाला होता मनातलं बोला! वर्नाने गाडीत बसून पुन्हा पुन्हा विचार केला. तिचं चुकलं कुठे, काही केल्या उमजेना.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता अधिकारी येईल, जनावर तयार ठेवावं. नेऊन काय करणार, ते पत्रात लिहिलं नव्हतं. तिला न लिहिताच कळलं.

गुरुवारी नऊ वाजता तिने मागचं दार उघडलं, कुंपणाचं फाटक उघडलं. "जा बाबा, कालव्याकडे जा. आणि तोंड दाखवू नकोस." ओटिसने जीभ काढून हवा चाखली आणि झुडपांत शिरला. वर्ना दार लावून घेऊन ढसाढसा रडली.

दहाला अधिकारी आला, हातात पिंजरा. पोरगेलासा, भला वाटला.

"पळाला तो," वर्ना म्हणाली. "बघ जा घरभर."

तो बिचारा कागद काढून खुर्चीत बसला, आणि तेवढ्यात मागच्या दारावर खरखर झाली.

अधिकाऱ्याने कागदावरून मान वर केली. पुन्हा खरखर.

"बाई," तो हळूच म्हणाला, "दारावर कुणीतरी आलंय."

हसावं की रडावं, वर्नाला कळेना. सवयीने उठून तिने दार उघडलं.