उतरायचं राहून गेलेला रोक्कोस

बोट ग्रीक बेटावरच्या एर्मूपोलीच्या बंदरात शिरली तेव्हा रोक्कोस कठड्याला रेलून दोन्ही टेकड्या बघत होता. उजवीकडची ऑर्थोडॉक्सांची, डावीकडची त्याच्या लोकांची, कॅथलिकांची. घरं पूर्वीसारखीच एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. त्याचे डोळे भरून आले, आणि सत्तरीच्या माणसाला हे शोभतं का, म्हणून तो स्वतःवरच वैतागला.

धक्क्यावर मिठाईवाले मात्र नव्हते. एके काळी बोट लागली रे लागली की पांढरे एप्रन घातलेले दहा-बारा जण टोपल्या घेऊन वर धावायचे. गुलाबपाण्यातली, पिठीसाखरेत लोळवलेली मऊ लुकुमी विकायची आणि शिट्टी झाली की खाली उड्या टाकायच्या. रोक्कोस आणि त्याचा थोरला भाऊ लिनार्दोस त्यांतलेच.

रोक्कोसच्या बाविसाव्या वर्षी, मुख्य भूमीवरच्या पिरेयस बंदराला निघालेल्या बोटीवर एका मुलीने त्याला अडवलं.

"यात गुलाब नाहीच! माझी आजी स्मिर्नाची आहे, मला गुलाब शिकवू नकोस."

तोही हट्टाला पेटला. एक वडी चाखवली, दुसरी चाखवली. तिसरीला ती हसली. तिच्या हनुवटीवरची पिठीसाखर तो बघत राहिला आणि धक्का मागे सरकला. शिट्टी झालेली त्याला कळलीच नाही.

परतायचं म्हणता म्हणता पिरेयसला काम मिळालं, मग त्याच पोलिक्सेनीशी लग्न झालं. आईचा निरोप आला: एवढ्या हाका मारूनही ज्याला उतरावंसं वाटलं नाही, त्याने आता येऊ नये. कसल्या हाका, ते त्याला उमगेना. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तो लिनार्दोसच्या नावे मिठाईच्या कारखान्यात पत्रं धाडायचा. एकाचंही उत्तर आलं नाही. आई गेल्याचंसुद्धा महिन्याने, परक्याकडून कळलं. "जा रे एकदा," पोलिक्सेनी म्हणायची. यंदा वसंतात तीही गेली, तेव्हा कुठे तो निघाला.

पायऱ्या चढून तो वरच्या गावात पोचला. अंगणात लिनार्दोस टोमॅटो चिरून, मीठ लावून उन्हात मांडत होता. त्याने मान वर केली. सुरी तशीच हातात.

"अठ्ठेचाळीस वर्षं लागली होय रे उतरायला?"

"शिडी फार उंच होती," रोक्कोस म्हणाला.

"आणि तुझ्याबरोबर गेलेली माझी टोपली?"

"लिनार्दो, माणसाला बसू तरी दे!" त्याची बायको आन्नेता आतून ओरडली. तिने पाणी आणलं, चीज आणलं, आणि पोलिक्सेनीबद्दल ऐकून रोक्कोसचा हात हातात धरला.

ती आत गेल्यावर लिनार्दोस बराच वेळ टोमॅटो उगाच सरळ करत बसला.

"मी हाक मारलीच नव्हती."

"काय?"

"मी खाली उतरलो होतो. तू कठड्यापाशी दिसत होतास, ती पोरगीही. शिडीवरचा खलाशी ओळखीचा होता, सांगितलं असतं तर थांबला असता. ओरडायला तोंड उघडलं आणि तुझ्याकडे बघितलं. तुझा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, रोक्को. म्हटलं, जाऊ दे एक फेरी. उद्या येईलच."

"मग आईला..."

"आईने विचारलं, तू काय करत होतास? घाबरलो. म्हटलं, घसा फोडून ओरडलो, यानेच मान फिरवली. एकदा बोललो ते बोललो. मग तुझं पत्र आलं की फोडायला हात धजायचा नाही. सगळी आहेत आत."

रोक्कोस उठून कुंपणाच्या भिंतीपाशी गेला. भावाचा गळा धरावासा वाटत होता. हाक आली असती तर त्याने उडी टाकली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग पोलिक्सेनी नाही, दोन मुली नाहीत. आणि आई मात्र पोराने पाठ फिरवली असंच मनात धरून वारली.

"वाईट केलंस," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि चांगलंही. त्यातलं किती काय, ते मला नाही ठरवता यायचं."

उन्हं कलल्यावर दोघे कब्रस्तानात गेले. लिनार्दोसने पत्रांचा गठ्ठा बरोबर घेतला होता. आईच्या थडग्यापाशी बसून रोक्कोसने सगळ्यात जुनं पाकीट फोडलं. स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. लिनार्दोसने आपला चष्मा काढून दिला.

"मोठ्याने वाच," तो म्हणाला. "तिला कानाने जरा कमी ऐकू यायचं."