काजळाचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. आता माझ्यात कोणी झोपत नाही. जोंधळ्याच्या कणगीवर मला झाकण म्हणून टाकले आहे आणि माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे. त्याचे फारसे वाईट वाटत नाही. दमलेल्या कापडाला पडून राहायला जागा मिळाली, हेच पुष्कळ.

मूळची मी बयनाबाईचे लुगडे. नवरा तापाने गेल्यावर ती कापसाच्या हंगामात पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सरकी काढण्याच्या कामाला आली. नदीपलीकडे इंग्रजांचे राज्य होते, अलीकडे निजामाचे. कडेवर पाच महिन्यांची ठमी. जिनापाशी पोहोचल्यावर बयनाबाईने मला फाडले. अर्धी मी तिच्या अंगावर राहिले, अर्धी कडुलिंबाच्या फांदीला झोळी होऊन लटकले.

त्या झाडाला माझ्यासारख्या अकरा झोळ्या होत्या. सकाळी जिनाचे फाटक बंद होई, ते दुपारच्या घंटेलाच उघडे. बाहेर लेकरू रडले की आत आईचे लक्ष उडे आणि हात यंत्रात जायची भीती. म्हणून लेकरांना अफू चाटवत. मित्रांनो, तुम्हाला राग येईल. पण त्या आया दुष्ट नव्हत्या. त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

झोळ्या सांभाळायला देवकाबाई नावाची म्हातारी होती. ती मोहरीएवढी अफू उगाळून एकेका लेकराला बोटाने चाटवी आणि लगेच त्याच्या तळपायाला काजळाचा ठिपका लावी. एकाच लेकराला चुकून दोनदा जाऊ नये, म्हणून तिने काढलेली ही युक्ती.

नव्या बयनाबाईला हे कोणी सांगितले नाही. पहिल्या दिवशी तिने शेजारणीचे ऐकून ठमीला खोपटातच अफू चाटवली, तिला माझ्यात निजवले आणि घाईघाईने फाटकात शिरली. देवकाबाईने कोरा तळपाय पाहिला आणि पुन्हा चाटवली.

उन्हे चढली तशी बाकीच्या झोळ्या हलू लागल्या. माझ्यातले ओझे मात्र दगडासारखे होते. ठमीचा श्वास इतका मंद झाला की माझी सुरकुतीही हलेना. मला हाक मारता येत नव्हती. देवकाबाईने येऊन तिचा अंगठा दाबला, गालावर टिचक्या मारल्या. मग ती फाटकाकडे धावली.

"वामनराव, लेकरू हातचं चाललं. याच्या मायले बोलवा," ती मुकादमाला म्हणाली.

"घंटा झाल्यावर. आज एकीले सोडलं तं उद्या साऱ्या निघतीन. त्या नदीपल्याडच्या बाया, तुले काऊन एवढा पुळका, म्हातारे?"

देवकाबाई घंटेकडे वळली. तिने घंटेचा दोर धरला आणि वेळ व्हायच्या आधीच घंटा वाजवली.

यंत्रे थांबली, बाया बाहेर आल्या. बयनाबाईने ठमीला उचलले. कोणी डोळ्यांना पाणी लावले, कोणी तळपाय चोळले. एकीचे हात दमले की दुसरी तिला घेऊन झाडाखाली फेऱ्या घाली. परक्या मुलखातल्या बायांची दाद कोणती कचेरी घेते, ते मी पाहतो, असा दम मुकादमाने दिला. तेव्हा जयवंताबाई नावाची जुनी कामकरीण शांतपणे म्हणाली, "दाद मागाले कोन निघालं? आमी लेकरू जागवून राह्यलो. जागं झालं की येतो."

सांज होईपर्यंत एकही बाई आत गेली नाही. दिवेलागणीला ठमी रडली. त्या रडण्याने कोणाचेही लक्ष उडाले नाही. सगळ्या तेच ऐकत बसल्या.

फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या तटल्या होत्या. मालकाने निरोप धाडला, की लेकरांना पाजायला दिवसातून दोनदा फाटक उघडेल. अफू बंद झाली. देवकाबाईला मात्र घंटा वाजवल्याबद्दल दुसऱ्याच दिवशी काढून टाकले. ती कुठे गेली, ते मला कधीच कळले नाही.

चार हंगाम फाटक उघडले. पुढे जुन्या बाया दुसरीकडे पांगल्या, मुकादम बदलला आणि ती सवलतही मोडली. दर साली नव्या बाया येत, आणि आपल्या आधीच्यांनी काय मिळवले होते, हे त्यांना ठाऊक नसे. हे आठवले की माझे धागे फार थकतात.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या कडेला परगावच्या बाया कामाला उतरल्या, तर एकदा जवळ जा. पाणी कुठे आहे ते सांगा, आणि दिवसभर लेकरू कोणाजवळ ठेवता, ते विचारा. त्या सकाळी बयनाबाईला एवढे जरी कोणी विचारले असते, तरी पुरले असते.