धाकट्या सुनेचा दम

धाकटी सून पोहायला शिकवायची. लहान मुलांना पाण्यात उतरवणं आणि त्यांच्या आयांना काठावर थोपवून धरणं, ही दोन्ही कामं ती सारख्याच शांतपणे करायची. पाण्याखालून एका दमात तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारी बाई म्हणून तिथे तिचं नाव होतं. त्यामुळे लग्न होऊन सासरी आल्यावर जिना चढता चढता तिला धाप लागली, तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. तिचा स्वतःचाही नाही.

सासरचा धंदा चेरीचा. खाली कारखाना, वर घर. सासऱ्यांना बाजारात सगळे चेरीबुवा म्हणत. बारमध्ये पेल्याच्या तळाशी जी लालभडक, देठासकट चेरी बसलेली असते, ती गावातल्या बहुतेक बारना बुवाच पुरवायचे. मोसमात ताजी फळं यायची आणि कित्येक महिने पिपांतल्या पाण्यात बुडून राहायची. बाहेर निघायची तेव्हा मेणासारखी पिवळट पांढरी झालेली असायची. मग ती धुवायची, उकळायची, बी काढायची, दिवसेंदिवस घट्ट होत जाणाऱ्या पाकात मुरवायची, आणि शेवटी लाल रंग अन् बदामाचा इसेन्स. पिपातल्या पाण्यात काय घालतात ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्याबद्दल कधी कोणी बोलत नसे.

नवी असताना धाकटीने विचारलं होतं, "म्हणजे आधी लाल फळ पांढरं करायचं, आणि मग परत लाल करायचं?"

"बरोबर," बुवा म्हणाले.

"पण का?"

"झाडाचा लाल टिकत नाही, पोरी. आपला टिकतो."

तिला हसू आलं. बुवा तिला पहिल्या दिवसापासून आवडले होते.

दम लागायचा त्याला काही ताळतंत्र नव्हतं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, छातीभोवती कोणीतरी पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. मग आठवडाभर काहीच नाही. सासूबाईंना वाटलं, दिवस गेले असतील. तपासणी झाली, तसं काही नव्हतं. नवऱ्याने जिन्याला दोष दिला. तिची आई फोनवर आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांग, तिथे तुला काही जाच आहे का?"

"नाही गं."

"शेजारी कोणी बसलंय म्हणून नाही म्हणतेस का?"

"आई, मी एकटी आहे."

थोरली जाऊ फारशी बोलत नसे. पण एकदा स्वयंपाकघरात ती धाकटीच्या नवऱ्याला म्हणाली, "मला वाटतं, तिला आपलं घर मानवत नाही. मनात काहीतरी असणार." तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, काळजीच होती. दाराबाहेर धाकटीच्या कानावर ते पडलं आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला. खरंच मनात काही आहे का? तिने एकेकाला आठवून पाहिलं. सासूबाई बडबड्या, पण मायाळू. थोरली अबोल, पण भाजीतला चांगला वाटा आपल्या आधी दुसऱ्याला वाढणारी. कोणाचाच राग येत नव्हता. पण मनाला न कळलेलं अंगाला कळत असेल तर? या विचाराने ती सगळ्यांशी जरा जास्तच गोड वागू लागली, आणि त्यामुळे थोरलीचा संशय आणखी पक्का झाला.

शेवटी नवरा-बायको कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कामधंदा विचारला. तलाव म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवलं. "क्लोरीन. दुसरं काय असणार? तलाव सोडा."

धाकटीने तलाव सोडला. कपडे बदलायच्या खोलीत ती बराच वेळ ओली टोपी हातात धरून बसून राहिली.

आता दिवसभर घरी. रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती खाली उतरली आणि थोरलीच्या शेजारी उभी राहून पिपांतून काढलेल्या पांढऱ्या चेरी धुऊ लागली. मोठ्या पातेल्यांत त्या उकळायला घातल्या की वाफेने खोली भरून जायची. दुखणं आगीतून फुफाट्यात गेलं. चालताना धाप, बोलताना धाप. डॉक्टर म्हणाले, क्लोरीन अंगातून निघायला वेळ लागतो. त्यांनी तोंडात फवारा मारायचा पंप दिला. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

नवरा तिला विश्रांतीला माहेरी घेऊन गेला. तिथे ती ठणठणीत. गच्चीत दोरीवरच्या उड्यासुद्धा मारल्या. आईने जावयाकडे असं पाहिलं की त्याने जेवताना मान वर केली नाही. परतताना आईने बसमध्ये खायला सुके जर्दाळू बांधून दिले. अर्धी वाट सरली तोच धाकटीला जोराचा दम लागला. पंप सापडेपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"इथे ना चेरी, ना तलाव," ती श्वास जरा सुटा झाल्यावर म्हणाली. "मग आता काय?"

नवरा खिडकीबाहेर बघत होता. "म्हणजे घरी परत जायच्या नुसत्या विचारानेच होतं तर."

  त्याचं म्हणणं खोटं आहे हे तिला माहीत होतं, पण खरं काय ते माहीत नव्हतं. 

बुवांचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या एका बारला नवी जागा मिळाली. मालकिणीने उद्घाटनाच्या दुपारी बुवांना सहकुटुंब बोलावलं. बारवाल्याने सगळ्यांसमोर लिंबू-सोडा केला, त्यात चेरीचा पाक चमचाभर सोडला. लाल धार बर्फामधून खाली उतरत गेली आणि वरून त्याने देठ धरून चेरी सोडली.

"मी अजून एकदाही खाल्ली नाही," धाकटी म्हणाली.

बुवांना ते लागलं. "घरची सून आणि घरची चेरी खाल्ली नाही? हिला बरणीच द्या."

तिने बुवांच्या आनंदासाठी पेला संपवला आणि वर आणखी दोन-तीन चेरी खाल्ल्या. पेला खाली ठेवता ठेवता तिने टेबलाची कड घट्ट धरली. ओठ निळे पडत चालले होते. पंप चालेना. नवऱ्याने तिला उचललं आणि मालकिणीच्या गाडीतून थेट इस्पितळात नेलं.

श्वास जाग्यावर आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"लिंबू-सोडा," नवरा म्हणाला.

"आणि चेरी," थोरली मागून म्हणाली.

"आमची चेरी," बुवा पुढे सरसावले. "बाहेरची नाही. घरची, खात्रीची." आणि ती कशी करतात ते ते रंगून सांगू लागले. फळ देठासकटच का तोडायचं, पिपात किती दिवस ठेवायचं, पाक एकदम घट्ट केला तर फळ कसं आक्रसतं.

"पिपात काय घालता?"

"पाणी. थोडा चुना, त्याने फळ कडक राहतं. आणि गंधकाची पावडर. तिने रंग उतरतो आणि सडत नाही. नंतर सगळं धुऊन जातं."

"सगळं?"

बुवा थांबले. थोरली हळूच म्हणाली, "या खेपेला पाणी कमी वेळा बदललं. बारवाल्यांची घाई होती."

धाकटीने नाकावरचा मास्क बाजूला केला. "बसमध्ये मी जर्दाळू खाल्ले होते."

"कसे होते? काळपट की केशरी?"

"केशरी. एकदम सुंदर केशरी."

"मग त्यांनाही गंधकाची धुरी दिलेली असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला ते सोसत नाही, खाण्यातूनही आणि वाफेतूनही. क्लोरीनचा यात हात दिसत नाही."

"माझा जन्म त्या पिपांपाशी गेला," बुवा म्हणाले. "मला साधा खोकला नाही."

"सगळ्यांना नाही होत. थोड्यांना होतं."

"मग त्या थोड्यांतली एक नेमकी आमच्याच घरात कशी आली?"

 थोरली धाकटीच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली. सारखंच होतं ते.

महिनाभरात धाकटी आणि तिचा नवरा दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. ती पुन्हा तलावावर जाऊ लागली. गावात झालं एकच, चेरीबुवांचं घर फुटलं. सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या, "भांडण नाही हो, गंधक आहे." लोक अशी समजूतदार मान हलवायचे की सासूबाईंनाच वाटायचं, आपण काहीतरी लपवतोय. धाकटी तर आणखी गोंधळलेली. त्या घरातून सुटल्याचा तिला आनंद होता, आणि तो आनंद झाला म्हणून वाईट वाटत होतं. थोरली म्हणाली तेच खरं होतं की काय, असं अजूनही अधूनमधून मनात यायचं.

पुढच्या मोसमात एका सकाळी बुवा आले. आंघोळ करून, कारखान्यात न गेलेले कपडे घालून, तरी उंबऱ्याबाहेरच उभे. "आत येऊ का?" त्यांनी विचारलं. सुनेच्या घरात शिरायला त्यांना पहिल्यांदाच परवानगी लागत होती.

त्यांनी लहानशी बरणी आणली होती. पीप नाही, पावडर नाही, ताजं फळ थेट पाकात. चेरी काळसर आणि सुरकुतलेल्या होत्या, दोन-तीन तर फुटलेल्या.

"खाऊ नकोस," नवरा म्हणाला.

धाकटीने पंप जवळ घेतला आणि एक खाल्ली. दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही.

"कशी आहे?" बुवांनी विचारलं.

"आंबट आहे थोडी. पण..." तिला शब्द सापडेना. "फळासारखी लागते."

बुवांनी एक उचलून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चघळली. "बारवाला ही पेल्यात घालणार नाही," ते म्हणाले. "ही चेरी आहे का, तेसुद्धा मला कळत नाही." आणि ते खुर्ची ओढून बसले, दुसरी घेतली, तिचं बी बशीत काढून ठेवलं, मग तिसरी घेतली.