उकळलेली प्लेट

सासूबाईंच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता, पण माणसाला चावण्यात त्यांचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

नातू जन्मला तो वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळूही उघडी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या टाळूच्या मापाची गुलाबी प्लास्टिकची प्लेट करून दिली, ओठ जवळ ओढायला गालांवर चिकटपट्ट्या लावायला शिकवल्या.

"हाड मऊ आहे तोवरच वळतं," त्या सुनेला म्हणाल्या. "फट आत्ता जवळ आली, तर ऑपरेशनचे टाके ताणणार नाहीत. प्लेट धुण्यापुरतीच काढायची. रडला तरी काढू नका, सवय होईल."

सुनेनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. फट खरंच बुजत चालली.

सासूबाईंचं दुखणं निराळंच. "शेवटी शिवणारच ना? मग तान्ह्याला लगाम कशाला? येणाऱ्याजाणाऱ्याला मी काय सांगू?"

एकदा सून आंघोळीला गेलेली पाहून त्यांनी धुवायला काढलेली प्लेट दुधाच्या बाटल्यांबरोबर उकळत टाकली. चांगली खळखळू दिली, पुसली, जागच्या जागी ठेवली.

सून बसवायला गेली तर बाळानं टाहो फोडला. तिला वाटलं, नेहमीचे नखरे. अंगठ्यानं दाबून बसवली. ते कळवळत राहिलं, ही दाबत राहिली.

"आई आहेस की कसाई?" सासूबाईंनी आतून विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या फेसात रक्त दिसलं, तेव्हा सून दवाखान्यात धावली. सासूबाईही सोबत निघाल्या; असली गंमत कोण चुकवतो?

डॉक्टरीणबाईंनी प्लेट टेबलावर ठेवली. ती डुगडुगली. "वाकडी झालीय. गरम पाण्यात टाकली होती?"

"नाही हो, गार पाण्यानंच धुते मी."

"बाळाचं सगळं हीच बघते," सासूबाई म्हणाल्या. "मला म्हातारीला त्यातलं काय कळतंय?"

"आई असून एवढं समजू नये?" डॉक्टरीणबाई सुनेवरच कडाडल्या. "जखम भरेपर्यंत प्लेट घालता येणार नाही, पट्ट्याही नकोत. तोवर फट पुन्हा उघडेल. ऑपरेशन लांबलं."

घरी आल्यावर सासूबाईंनी कवळी काढून गार पाण्याच्या वाटीत ठेवली आणि आडव्या झाल्या. सून वाटीकडे बघत उभी राहिली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं कौतुकानं ह्या वाटीत कढत पाणी ओतलं होतं, आणि सासूबाई खेकसल्या होत्या, "वाकडी होते मेली! अक्कल आहे का?"

म्हणजे म्हातारीला सगळं कळत होतं.

तिनं पातेलं चढवलं. कवळी चांगली खळखळू दिली, पुसली, वाटीत परत ठेवली.

उठल्यावर सासूबाई तोंडाशी झटापट करू लागल्या. "अगं, बशत नाही ही! टोशतेय!"

"दाबा, आई," बाळाला मांडीवर घेत सून गोड आवाजात म्हणाली. "रडलात तरी काढू नका. सवय होईल."

आजीचं वेडंवाकडं तोंड बघून बाळ खुदकन हसलं. पट्ट्या नसलेला ओठ हसताना आणखी फाकला. सुनेनं त्या फटीवरून नजर काढून घेतली.