चौतीस जण ठीक

करंजाड्याच्या सोसायटीचा हॉल तुडुंब भरला होता. चाळीस मधुमेही, त्यांचे नातेवाईक, सगळे घामाघूम. पडद्यावर दोन तक्ते. महिन्यापूर्वीचा लाल: 'ठीक – ९'. आजचा हिरवागार: 'ठीक – ३४'. टाळ्या थांबेनात.

"श्रद्धा नका ठेवू! आकडे बघा, आकडे!" आशुतोषबाबा गरजले. "तीस दिवस मंतरलेलं पाणी. गोळ्या बंद, साखर गायब!" बाबांचा महिमाच असा, की चमत्कारसुद्धा ते स्लाइडवर दाखवत.

सुनयना आईला घेऊन मागच्या रांगेत बसली होती. तिच्या आईच्या, भागीरथीच्या, टाचेची जखम तीन आठवडे भरत नव्हती. गोळ्या तर आईने पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलेल्या.

"मी ठीक हाय गो. कटकट नको करू," आई म्हणाली.

सुनयनाने तिच्या हातातली तपासणीची चिठ्ठी ओढली. पहिली साखर २३१, आजची २३८, पुढे शेरा 'ठीक'. ही ठीक?

वाशीच्या एपीएमसी मार्केटात ती बारा वर्षं कांदा निवडत होती. चाळणीचं भोक मोठं केलं की बारीक मालाचा ढीग वाढतो, कांदा काही लहान होत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती उठली आणि पडद्याला नाक लावून उभी राहिली. लाल तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: जेवणानंतर १४० पर्यंत ठीक, १४१ ते २४० मध्यम, पुढे जास्त. हिरव्याखाली: २४० पर्यंत ठीक, पुढे जास्त.

"बाबा, मधला गट कुठं गेला?"

"ताई, ती ऊर्जा..."

"ऊर्जा नंतर. आज ज्यांची १४० पर्यंत हाय, त्यांनी उभं राहा बरं!"

चिठ्ठ्या उलगडल्या, खुर्च्या करकरल्या. आठ जण उठले.

"आधी नऊ होते, आता आठ. मधले सव्वीस ठीकच्या ढिगात ओतले, झाले चौतीस! साखर तिथंच हाय, रेघ सरकली."

"शंकेखोराला गुण येत नाही!" बाबा ओरडले. पण लोक आता आपापली चिठ्ठी वाचत होते.

"माझी तर २२५!" रिक्षावाले मकबूलचाचा उसळले. "चक्कर येते म्हणून रिक्षा घरी उभी, आणि मी ठीक?"

कोणी तक्ता नाचवला, तर गटांच्या रेघा कुठं मारल्यात ते आधी विचारा. दोन्ही वेळा त्याच आहेत का, तेही बघा. आणि टाळ्या ऐकून डॉक्टरांचं औषध बंद करू नका.

भागीरथीने टाचेचं फडकं सोडून पाहिलं. मग लेकीचा हात घट्ट धरला.

"बाय, डाक्तर अजून बसला असंल का गो?"