सोमवारची तक्रार

"तुमची भाषा? ती चार वर्षांपूर्वीच काढून टाकली की आम्ही!" पाणीखात्याचा तरुण साहेब म्हणाला, आणि म्हाताऱ्याने पुढे केलेला विनंतीअर्ज त्याच्या हातातच राहिला.

बेचाळीस वर्षांपूर्वी, ऐन उमेदीत, त्याने संगणकासाठी एक भाषा रचली होती. लग्न, मूलबाळ, सगळं तिच्यापायी राहूनच गेलं. एके काळी ती पन्नास कचेऱ्यांत चालायची. मग एकेकाने पाठ फिरवली. उरलं हे पाणीखातं. इथल्या प्रोग्रामर बाई दर सोमवारी भाषेतली एक चूक ईमेलने कळवायच्या, आणि हा गडी तहानभूक विसरून बुधवारपर्यंत ती दुरुस्त करून पाठवायचा. आज बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे भाषेला कोण वाली? म्हणून तो हातापाया पडायला आला होता. आणि इथे हे असं!

"मग दर सोमवारी तक्रार येते ती?"

साहेबाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एका जुनाट संगणकापुढे बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

म्हाताऱ्याचा पारा चढला. "चार वर्षं मला वेड्यात काढलंत, बाई? गेल्या सोमवारी म्हणालात, रिकाम्या ओळीवर प्रोग्राम अडतो. त्यापायी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं मी!"

"चुका खऱ्याच होत्या हो," बाई पुटपुटल्या. "मुद्दाम वेडेवाकडे प्रोग्राम लिहून शोधायचे मी. हे मशीन घरी नेलेलं. आजच परत आणलंय."

"पण कशासाठी?"

"हे गेले. मुलगी लांब. घर खायला उठतं. तुमचं उत्तर मात्र यायचंच. एक बुधवार चुकला नाही तुमचा."

आपल्या भाषेवाचून कुणाचं तरी अडतंय, या एका समजुतीवर म्हातारा चार वर्षं जगला होता. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"या मशीनचं काय करणार?"

"उद्या भंगारात."

त्याने अर्ज घडी करून खिशात घातला आणि खुर्ची ओढली. "दाखवा. या सोमवारी काय कळवणार होतात?"

"आज शुक्रवार आहे."

"असू दे हो. सोमवारी हे मशीन कुठे असणार आहे?"

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि सरकून त्याला जागा करून दिली.